विळा माझा होता

गिरजे, मी पायाळू नाही.

हे तीन शब्द तुझ्या तोंडावर म्हणायला माझ्याकडे पन्नास वर्षं होती. आधी आपली चूल एक होती, मग दोन झाल्या, तरी मधे भिंत एकच होती आणि तिला खिडकी होती. त्या खिडकीतून मी तुला मीठ मागितलं, विरजण मागितलं, शिव्या दिल्या, पण हे तीन शब्द दिले नाहीत. आता तुझी तेरवी उरकली, मांडवाच्या खुर्च्या परत गेल्या, आणि मी नातीच्या जुन्या वहीत लिहायला बसले. यावरून माझी अक्कल मोज.

मी लग्न होऊन सुलतानपुरात आले तेव्हा अठरा वर्षांची होते. चिखलीची, दहावी पास, दोन वेण्या, आणि जगात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशी पक्की खात्री. ती पोरगी आज समोर आली तर मी तिच्या कानाखाली वाजवीन. तर पहिल्याच निंदणाला वावरात आभाळ काळं झालं आणि कडकडलं. मी विजेला लहानपणापासून भिते. भिते म्हणजे पाय गळतात, दातखीळ बसते, एकदा तर शाळेत परकर ओला झाला होता. पण दहावी पास नवरी सासूला कशी सांगणार की मला भीती वाटते? मी मान ताठ केली आणि म्हणाले, "आत्याबाई, मी पायाळू आहे."

पायांकडून जन्मलेल्या माणसाला वीज शोधत येते, असं आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. सासूबाईंनी हातातलं खुरपं टाकलं. "मंग इथं काऊन उभी राह्यली वो? जाय घरी! समद्यायले घेऊन मरशीन!"

मी गेले. चालत नाही, मिरवत गेले. बाकीच्या बाया चिखलात वाकलेल्या आणि मी घरी पोहे करून खाल्ले.

खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. पायाळू माणसाची लाथ कमरेत बसली की चमक जाते, हेही आपल्याकडे ठाऊकच. झालं. आठ दिवसांत अंगणात माणसं पालथी पडायला लागली. मी डोळे मिटून, काहीतरी पुटपुटून, एकेकाच्या कमरेत लाथ घालायची. निम्म्या गावाला घातली. सासूबाईंना तर वर्षातून तीनदा. त्या कण्हत म्हणायच्या, "अजून एक मार वो माय," आणि मी इतक्या मनापासून मारायचे की त्यांना खरंच बरं वाटायचं. गंमत म्हणजे कुणाचीच चमक राहिली नाही. मग मलाही वाटायला लागलं की असेन बाई मी पायाळू, आईच विसरली असेल सांगायला.

दोन वर्षांनी तू धाकट्याची बायको होऊन आलीस. माहेर लोणारचं, सरोवराच्या काठावर शेळ्या राखून वाढलेली, सातवीतून काढलेली. माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, पण नात्याने धाकटी, म्हणून तू मला 'बाई' आणि 'तुमी', मी तुला 'गिरजे' आणि 'तू'. आभाळ भरून आलं की माझ्या वाटची ओळ तुझ्या वाट्याला. तू कधी कुरकुरली नाहीस. फक्त एकदा तुझी कंबर धरली, तेव्हा मी पदर खोचून पुढे आले तर तू आडवी झाली नाहीस. "राहू द्या बाई. माही कंबर आपोआपच बरी होते." मला राग आला. निम्म्या गावाला माझी लाथ चालते आणि हिला चालत नाही!

आपलं भांडण लोणारलाच सुरू झालं, आठवतं का? तुझ्या भावाच्या लग्नाला गेलो होतो, आणि सकाळी तू मला काठावर नेलंस. मी तो खड्डा पहिल्यांदा पाहिला. खाली पाणी हिरवं, कडेला झाडी, आणि झाडीत गाई होत्या, उवांएवढ्या. माझे डोळे फिरले. तू मात्र मोरीच्या काठावर बसावं तशी पाय सोडून बसलीस.

"आभायानं गोटा हाणला अठी," तू म्हणालीस.

"कोणावर?"

"कोणावरच नाई. तवा माणूसच नव्हता म्हनतेत."

"मग हाणला कशाला?"

"हेच तं," तू म्हणालीस आणि बोरं खायला लागलीस.

मला ते सहनच झालं नाही, गिरजे. एवढा मार, एवढी आग, जमीन फाटून दगड वितळलेले, आणि तो कुणासाठीच नाही? कुणाचं पाप नाही, कुणाचा शाप नाही? मी तुला राक्षसाची गोष्ट सांगितली, देवाची सांगितली. तू बी थुंकत ऐकलीस आणि म्हणालीस, "गोष्टी नंतरच्या हायेत बाई. गोटा आधीचा हाय." मग खालच्या गाईंकडे बोट केलंस. "अठून गाय उवाएवढी. आभायातून आपून केवढे असू?" तुला त्यात मजा वाटत होती. मला वाटलं, ही माझा अपमान करते आहे. कारण मी तर अशी बाई होते की जिच्यासाठी वीज मुद्दाम ढगांतून उठून येते.

मग घरची गाय मेली. आपली कपिली, बोरीखाली बांधलेली. वीज पडली तेव्हा मी घरात गोधडीखाली होते, कानात बोळे घालून. पण बाहेर आल्यावर मी अंगणात उभी राहून काय म्हणाले? "ती माझ्यासाठी आली होती. मी सापडले नाही म्हणून गाय घेतली." बायका हात जोडायला लागल्या. मी मान खाली घातली, जशी काही सगळं गाव मीच वाचवलं. ती गाय फुगून पडली होती, जीभ बाहेर, दूध सडांतून अजून टिपकत होतं, आणि मी तिच्या मढ्यावर उभी राहून फुशारकी मारत होते.

दुसऱ्या दिवशी मी मिरची कुटत होते. तू तुझ्या लेकीला, वनिताला मांडीवर घेऊन समोर बसलेली, दीडेक वर्षाची असेल ती. तू हळूच म्हणालीस, "बाई, आभायाले तुमचं नाव माहीत नाई." टोमणा नव्हता त्यात. समजूत काढावी तसं म्हणालीस. आणि मी हातातला लोखंडी बत्ता तुझ्यावर फेकला.

डाव्या भुवईच्या वर लागला. असा आवाज आला की कवठ फुटावं. तू ओरडली नाहीस, आधी वनिताला बाजूला ठेवलंस. रक्त तुझ्या डोळ्यात, वनिताच्या झबल्यावर, उखळातल्या मिरचीत. मी घाबरून धावले आणि जखम तळहाताने दाबली. मिरचीच्या तळहाताने! तेव्हा तू ओरडलीस. तशी किंकाळी मी पुन्हा एकदाच ऐकली, आणि ती गेल्या महिन्यात, माझी स्वतःची.

पाच टाके पडले. डॉक्टरला, दोघा भावांना, सासूबाईंना तू सांगितलंस की गोठ्याची चौकट लागली. मी बाजूला उभी राहून मान हलवली. त्यानंतर आपण आभाळ हा विषय काढला नाही. भांडण तसंच अर्ध्यावर राहिलं: तुझं म्हणणं की त्याला नाव माहीत नाही, माझं म्हणणं की माझं तरी माहीत आहे. पन्नास वर्षांत मी माफी मागितली नाही. तुझ्या वनिताच्या लग्नात तुला कुंकू लावताना मात्र अंगठा त्या व्रणावर थांबला होता. तू म्हणालीस, "लावा ना बाई, लोक पाहून राह्यले."

आता तो दिवस.

भाद्रपद. नवरे दोघींचे कधीच गेलेले, पोरं म्हणतात घरी बसा, पण घरी बसून दोन म्हाताऱ्यांनी करायचं काय? बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा तोडायला आपण वावरात गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. तुझी टोपली भरली, माझी अर्धी, कारण मी शेंगा तोडताना खाते. थोडं गवतही कापलं. मग आभाळ भरलं आणि आपण विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरलो. मी कोपऱ्यात, नेहमीसारखी. आणि मला आठवलं.

"गिरजे, माहा इळा राह्यला वो. धुऱ्यावर, हिवराखाली. पाण्यात गंजून जाईन."

तू माझ्याकडे पाहिलंस. हसलीस, अगदी थोडी. "तुमी बसा. तुमी पायाळू. मी आणतो."

आपल्याकडच्या बाया 'आणतो'च म्हणतात. शुद्ध मराठीत इथे 'आणते' लिहिलं तर ती तू राहणार नाहीस.

मी दारातून पाहत होते. तू झपझप गेलीस, एकाहत्तराव्या वर्षी. वाकलीस. विळा उचललास, मला दिसावा म्हणून वर धरलास. आणि सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला नाही, सोबत आला, खोलीच्या भिंतीतून, माझ्या दातांतून. डोळे उघडले तेव्हा हिवराचं झाड उभं चिरलेलं होतं, आतलं पिवळं लाकूड वाफाळत होतं. तुझी एक चप्पल झाडाच्या बुंध्याशी आणि तू दहा हात लांब पराटीत, कपाशीच्या ओळींत. तुझा पदर जळत होता. मी पळाले, हो, मी, वीज कडकडत असताना. पदर हातांनी विझवला. तळव्यांचे फोड आत्ता कुठे सुकलेत, म्हणून अक्षर असं वाकडं. तुझ्या मुठीत विळा होता. मी बोटं सोडवायला गेले तर सुटेनात.

मग मी काय केलं ते गावाने पाहिलं, तुलाही सांगते. मी धुऱ्यावरचे, बांधावरचे गोटे उचलले आणि आभाळावर फेकले. एक नाही, पंधरा-वीस. "ये! खाली ये! मी आहे पायाळू! मला मार!" अशा शिव्या दिल्या की शेजारच्या वावरातली माणसं जवळ येईनात. प्रत्येक गोटा वर गेला आणि खाली आला. एक माझ्याच पायावर पडला, अंगठ्याचं नख उपटलं. त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याला मारायला तोंड नाही, धरायला मानगूट नाही. बत्ता फेकायला निदान तू होतीस.

तलाठी आला. झाडाखाली बसून पंचनामा लिहायला लागला. "घटनेच्या वेळी मयत काय करत होती?"

"इळा आणाले गेली होती," मी म्हणाले.

"कुणाचा?"

गिरजे, त्या विळ्याच्या मुठीला मी लाल चिंधी बांधलेली होती, माझी खूण. ती जळून गेली होती. मुठीचा कोळसा झाला होता. मी त्या कोळशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिचा. विसरली होती."

सत्तर वर्षांची बाई, दहावी पास.

दुसऱ्या दिवशी तुला तालुक्याच्या दवाखान्यातून आणलं. शेवटची आंघोळ मी घातली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. विजेने तुझ्या छातीवर, खांद्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रेघा काढल्या होत्या. केस कानशिलापाशी करपलेले. कपाळ मात्र तसंच होतं. भुवईवरचा तो व्रण, पाच टाक्यांचा, जिथल्या तिथे. आभाळाने सगळं जाळलं आणि माझं काम तेवढं सोडलं. मी त्यावर पाणी घातलं, पुन्हा घातलं. वनिता मागून म्हणाली, "मोठीमाय, पुरे आता." थोरल्या काकूला ती मोठीमायच म्हणते.

सुतकाच्या दिवसांत बायका यायच्या. तिसऱ्या दिवशी एकीने सुस्कारा सोडला. "काईतरी पाप असंन मागच्या जन्माचं. उगाच नाई पडत इज."

मी उठून तिच्या अंगावर गेले. "कोणतं पाप वो? सांग! आभायाले तिचं नाव माहीत होतं का? त्याले कोणाचंच नाव माहीत नाई!"

म्हटलं आणि मी जागीच थांबले. तुझं वाक्य माझ्या तोंडातून आलं होतं. ज्याच्यासाठी मी तुझं कपाळ फोडलं तेच वाक्य.

तेव्हापासून मी त्याच्याशी झगडते आहे. तुझं खरं असेल तर मी सुटले. आभाळ हाणत राहतं, कधी खड्डा पडतो, कधी गाय मरते, कधी गिरजा. कुणासाठी नाही, कशासाठी नाही. लोणारच्या काठावरून पाहावं तशा आपण दोघी त्या पराटीत, उवांएवढ्या, आणि वरून विळाही दिसत नाही, त्याची चिंधीही नाही. मग माझा काय दोष? पण आज मला तुझं खरं असण्याची गरज आहे, आणि ज्याची मला गरज असते त्याला मी खरं करून घेते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पायाळू अशीच झाले होते मी.

आणि दुसरं. आभाळाला तुझं नाव माहीत नव्हतं, मान्य. मला माहीत होतं. "गिरजे" म्हणून हाक कुणी मारली? एवढ्या मोठ्या, बहिऱ्या, आंधळ्या पसाऱ्यात तुला नावाने ओळखणारी जी चार माणसं होती, त्यांतल्या एकीने तुला नाव घेऊन त्या झाडाखाली पाठवलं. एका विळ्यासाठी. गंजला असता तर घासला असता.

तू काठावर बसून बोरं खाल्लीस तेव्हा तुला भीती कशी वाटली नाही, हे मला विचारायचं राहिलं. मी लहान आहे हे कळल्यावर मला बत्ता फेकावासा वाटला. तुला बोरं खावीशी वाटली. ते कसं जमतं, हे शिकवायला तू पन्नास वर्षं भिंतीपलीकडे होतीस आणि मी खिडकीतून मीठ मागत बसले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच, मी तुझ्या घरात गेले. वनिता अंगणात ती बरबटी सोलत बसली होती, त्याच दिवसाची, आता वाळून कडक झालेली. तुझी टोपली समोर. मी तिच्यापुढे बसले, पाट घेतला नाही. आधी बत्त्याचं सांगितलं. ती म्हणाली, "अंदाज होता." मग सांगितलं की मी पायाळू नाही, कधीच नव्हते, निंदण चुकवायला बोललेलं खोटं होतं ते. आणि म्हटलं, विळा माझा होता पोरी, तुझ्या आईचा नव्हता, तलाठ्याला मी खोटं सांगितलं, पंचनाम्यात ती विसरली असं लिहिलं गेलं.

वनिता सोलत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तुझ्यासारखीच. मी म्हटलं, बोल काहीतरी, शिव्या दे, हा पाटा पडलाय तो घाल माझ्या डोक्यात. तिने टोपलीतल्या शेंगा सुपात ओतल्या. तळाशी तुझा विळा होता, स्वच्छ, पातं फडक्यात गुंडाळलेला. तिने तो माझ्या आणि तिच्या मधे जमिनीवर ठेवला.

मग ती जे बोलली ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, एक शब्द माझा नाही:

"पायाळूचं मायले ठाऊक होतं, मोठीमाय. तुमची आई तुमच्या बायंतपणाले आली होती ना, तिनंच सांगतलं. माय म्हने, बाईले इजेचं भेव लागते, पन त्यायले तसं सांगता येत नाई, तं मी जातो, मले कुठी भेव हाय. ते जाऊ द्या. पन तुमी उद्या तलाठ्याकडं चाला माह्यासंग, आन ते खोडून आना. माही माय आपला इळा कधीच कुठी इसरत नव्हती."